आकड्यापेक्षा शिवणी बघा

पावसाळी ट्रेकसाठी १०,००० मिमीचं रेन जॅकेट घ्यावं की २०,०००चं, असा प्रश्न आहे. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला की ते झिरपायला लागतं, त्याचं हे माप. सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकला १०,००० पुरतं, असं माझं स्पष्ट मत. वाचलेले पैसे शिवणीवर घाला.

दुकानात जॅकेट आधी उलटं करा. आतून प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटवलेली हवी, फक्त खांद्यावर आणि टोपीला असून भागत नाही. हरिश्चंद्रगडाला टोलार खिंडीतून चढताना माझं कापड शाबूत होतं, पण काखेतल्या उघड्या शिवणीतून पाणी कोपरापर्यंत ओघळत आलं. तासाभरात आतला टी-शर्ट पिळण्याजोगा झाला. माथ्यावरच्या वाऱ्यात मग हुडहुडी भरते, आणि ती खरंच धोक्याची असते.

काखेत चेन असलेलं मिळालं तर तेच घ्या. आपल्याकडे हवा इतकी दमट की ‘घाम बाहेर टाकणारं’ कापडही चढणीवर हात टेकतं. चेन उघडली की जीवात जीव येतो.

आणि घरी आल्यावर ओलं जॅकेट सॅकमध्ये कोंबून ठेवू नका हो! दमटपणानं आतला लेप सुटतो. माझ्या जुन्या जॅकेटचे पांढरे पापुद्रे मानेला चिकटायचे. सौम्य साबणानं धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, सावलीत पूर्ण वाळवा. बाहेरून पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळायचे थांबले, तर पाणी झटकणारा स्प्रे पुन्हा मारता येतो.