लहान घरासाठी मॉनिटर: ‘बजेटमध्ये बसेल तो सगळ्यात मोठा घ्या’ हा सल्ला आता पुरे

मुद्रितशोधिका:
काल ‘नवाभाडेकरू’ यांनी विचारलं होतं: एकच खोली, टेबल जेमतेम दीड फूट खोल, खर्च कमीत कमी, तर मॉनिटर कोणता घ्यावा? त्यावर ‘भिंतवाला’ यांचं उत्तर होतं, “बजेटमध्ये बसेल तो सगळ्यात मोठा घ्या. त्यापेक्षा ३२ इंची टीव्हीच घ्या, एकात दोन कामं.” खाली सगळे माना डोलावताहेत. मला हे वाचून राग आला, कारण याच सल्ल्याने माझे पैसे वाया गेलेत.

दिवसभर मराठी मजकूर तपासणं हे माझं काम. ‘मोठा घे’ म्हणाले म्हणून २७ इंची घेतला, १९२० × १०८० पिक्सेलचा (पिक्सेल म्हणजे पडद्यावरचे ठिपके). तेवढेच पिक्सेल २४ इंचात असले तर इंचाला साधारण ९२ पडतात, २७ इंचात ताणले की ८२. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला मुख्य फरक शिरोरेषेतल्या फटीचा आहे, आणि बारीक अक्षरात ती फट एखाद्या पिक्सेलची असते. तीच धूसर झाली की ‘भार’ आणि ‘मार’ सारखेच. ‘शर्तींमध्ये’ लिहून बघा: वेलांटी, रफार, अनुस्वार, तिघं एकाच जागेवर. तीन महिने डोळे ताणून काम केलं, मग तो तोट्यात विकला आणि २४ इंची आणला.

आणि ३२ इंची टीव्ही? स्वस्तातले बरेचसे १३६६ × ७६८चे असतात. इंचाला ४९ पिक्सेल! दीड फुटी टेबलावर स्टँडच वीतभर जागा खातो. मग डोळे पडद्यापासून किती लांब राहणार?

माझं मत: २२ किंवा २४ इंची, तेच १९२० × १०८०, आयपीएस पॅनेल (बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारं), आणि मागे भिंतीला किंवा आर्मला, म्हणजे मॉनिटर तोलून धरणाऱ्या दांड्याला, लावायची भोकं असलेला. बाकी सगळं नंतर.

भिंतवाला:
ताई, तुम्ही टेबल गृहीत धरलंत. माझ्या खोलीत टेबलच नाही. टीव्ही भिंतीवर, मी पलंगावर चार फूट लांब, कीबोर्ड मांडीवर. टेबल-खुर्ची गेली तेव्हा घरात चालायला जागा झाली. चार फुटांवरून तुमचे ते ४९ पिक्सेल मला तरी वेगळे दिसत नाहीत.

आकडेच हवे असतील तर ४३ इंची फोर-के (३८४० × २१६०) टीव्हीत इंचाला १०२ पिक्सेल असतात, म्हणजे तुमच्या २२ इंचीएवढेच. आणि अक्षरं फुटत असतील तर दोष फॉन्टचा आहे. अजून मंगल वापरत असाल.

मुद्रितशोधिका:
मंगल विंडोज २०००च्या काळातला. मी निर्मला वापरते. पण फायली माझ्या नसतात, लोक ज्या फॉन्टमध्ये पाठवतात त्यातच तपासाव्या लागतात. न विचारता निदान करू नका.

चार फुटांवरून ठिपके तेवढे खुपत नाहीत हे मान्य. पण तिथून अक्षरंही बारीक दिसतात. ती मोठी करायची, की १३६६ पिक्सेलांच्या रुंदीत मजकूर मावेना. मग मोठा पडदा घेऊन मिळवलं काय?

टंकनमित्र:
फॉन्टचा विषय निघालाच आहे तर लिहितो, कारण हा गोंधळ नेहमी होतो. विंडोजमध्ये क्लिअरटाइप आहे, ते एका पिक्सेलमधल्या लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्या वेगवेगळ्या वापरून अक्षराची कड सुधारतं. मॅकमधून ही सोय २०१८च्या मोहावी या आवृत्तीपासून काढली. म्हणून एकच मॉनिटर एकाला झकास दिसतो आणि दुसऱ्याला पिचपिचा. कुणाचंही मत ऐकताना आधी विचारा, जोडलंय काय?

टीव्हीची गोष्ट निराळी. बरेच टीव्ही रंगांची माहिती अर्धवट घेतात, चार पिक्सेलांना मिळून एकच रंग. चित्रपटात कळत नाही, पण काळ्यावर लाल अक्षर लिहा, कड पसरते. सेटिंगमध्ये पीसी मोड असेल तर लावा आणि शार्पनेस खाली आणा, नाहीतर अक्षरांभोवती पांढरी किनार येते. शिवाय लॅपटॉप जुना असेल आणि त्याची पडद्याला जोडायची एचडीएमआय जोडणी १.४ आवृत्तीची असेल, तर फोर-के सेकंदाला ३० चित्रांवरच अडकतं. माउसचा बाण ओढल्यासारखा चालतो.

भिंतवाला:
पीसी मोड लावलाय. मला दिसतं ते मला दिसतं. दोन वर्षं काम करतोय, चष्म्याचा नंबर वाढलेला नाही.

मुद्रितशोधिका:
माझाही वाढला नव्हता. डोकं दुखत होतं.

चौकोनी:
सगळे इंच मोजताहेत, उंची कुणी मोजत नाही. जुन्या १९ इंची, रुंदी-उंची ५:४ असलेल्या मॉनिटरची उंची सुमारे ३० सेंमी. आजच्या २४ इंची रुंद मॉनिटरचीही ३० सेंमीच! इतकी वर्षं ‘मोठा’ म्हणून जे विकलं ते फक्त आडवं वाढलं. वाचायला, लिहायला, हिशेबाला उंची लागते, आणि लहान टेबलावर नेमकी रुंदीच अडचण करते. कार्यालयांतून निघालेला १९२० × १२००चा २४ इंची मिळाला तर डोळे झाकून घ्या. त्यांचे स्टँड बहुधा वर-खाली होतात, पडदा उभाही फिरतो. नव्या स्वस्त मॉनिटरचा स्टँड फक्त पुढे-मागे झुकतो, मग खाली पुस्तकं रचत बसा.

रात्रपाळी:
डोळे झाकून नको. मी असाच वापरलेला घेतला. कडेला पिवळट, आणि प्रकाश उतरलेला. विकणाऱ्याने दुकानाच्या झगझगाटात दाखवला, घरी आल्यावर कळलं.

आणि एका खोलीच्या घरातला खरा प्रश्न कुणी काढलेलाच नाही. रात्री मी काम करते तेव्हा चार हातांवर बाळ झोपलेलं असतं. पडदा किती मंद होतो, हे मला इंचांपेक्षा महत्त्वाचं. काही मॉनिटर मंद करताना दिवा भराभर चालू-बंद करतात. डोळ्याला थेट दिसत नाही, पण मला तासाभरात कपाळ ठणकायला लागायचं. तपासायची सोपी रीत: अंधारात पडदा पांढरा ठेवून प्रकाश अगदी कमी करा आणि समोर पेन्सिल जोरात हलवा. सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक, पेन्सिलीच्या सुट्या सुट्या आकृत्या दिसल्या तर घेऊ नका.

भिंतवाला:
मधे कापडी पडदा टांगायचा ना. एवढ्यासाठी पेन्सिली हलवत बसायचं?

रात्रपाळी:
दहा बाय दहाच्या खोलीत पडदा टांगला की पंख्याचा वारा अडतो. तुम्ही एकटे राहता, हे तुमच्या प्रत्येक ओळीतून कळतंय. लहान घर म्हणजे फक्त कमी जागा नव्हे, त्या जागेत माणसंही असतात.

टंकनमित्र:
पेन्सिलीची रीत बरोबर आहे. प्रकाश पूर्ण ठेवला की बहुधा हा त्रास जातो, पण बाळ शेजारी झोपलेलं असताना रात्रपाळींना तेच तर परवडत नाही.

भिंतवाला:
ठीक. “चार फूट अंतर असेल तर” ही अट मी लिहायला हवी होती. बाळाचं माझ्या डोक्यात नव्हतं, कापडी पडद्याचं विधान मागे घेतो. पण टेबलाशिवाय घर चालतं, हे तुम्ही कुणीच मान्य करत नाही आहात, आणि ते मी सोडणार नाही.

मुद्रितशोधिका:
चालतं. तुमचं चालतं. ज्यांनी विचारलं त्यांनी टेबलाचं माप दिलं होतं.

नवाभाडेकरू:
मीच तो. आज टेप लावून मोजलं. टेबल ४३ सेंमी खोल, पैकी मागचे ५ सेंमी खिडकीच्या चौकटीत जातात. म्हणजे २४, आणि आर्म. पण दुकानातल्या स्वस्त मॉडेलच्या मागे भोकं दिसली नाहीत. नसतातच का?

चौकोनी:
काहींना नसतात. काहींची स्टँडच्या झाकणाखाली लपलेली असतात. चौकोनात चार, अंतर ७५ किंवा १०० मिमी. माहितीपत्रकात ‘व्हेसा’ शोधा, तो शब्द नसेल तर पैसे देऊ नका.

रात्रपाळी:
आणि पेन्सिल घेऊन जा.