अनुभव धागा : पोराला वाचता आलं कसं? (सांगली-सातारा)

पहिली ते चौथीच्या मुलांनी काय करावं याचे सल्ले आपल्याकडे चहाच्या टपरीवरही फुकट मिळतात. इथे ते नकोत. तुमच्या घरात, वर्गात, अंगणवाडीत एखादं मूल बोलायला, वाचायला, लिहायला लागलं तेव्हा काय घडलं, कुठे अडलं, कशानं सुटलं, तेवढं लिहा. तालुका लिहा, मुलांची आणि शाळांची नावं लिहू नका. प्रमाण मराठीची सक्ती नाही. बोलता तसंच लिहिलंत तर उलट बरं.

सुरुवात मीच करते. लेक पहिलीत. पुस्तकात कमळाचं चित्र, खाली शब्द. बोट ठेवून म्हणाली, "क... म... ळ." मी विचारलं, "मग काय झालं?" म्हणाली, "फूल!" अक्षरं तिन्ही बरोबर, शब्द मात्र चित्रावरून ठोकलेला. सुटं 'ळ' म्हणताना शेवटी 'अ' येतो, 'कमळ' म्हणताना तो गळतो. हे गाळणं आणि जोडणं मुलाला मनातल्या मनात करावं लागतं, आणि ते कुणी शिकवत नाही. मग पाटी बाजूला ठेवून आम्ही तोंडीच खेळ सुरू केला. मी "ब... द... क" तुटक म्हणायचं, तिनं जोडून सांगायचं. मग उलट. भाजी निवडताना, स्कूटरवर, कुठेही. कानाला जमलं, तसं पुस्तकातही जमायला लागलं.
– धागाकर्ती, विश्रामबाग, सांगली

जत तालुका, पूर्व भाग. प्राथमिक शिक्षक

मी मूळचा या भागातला नाही. आमची शाळा मराठी माध्यमाची, पण वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी कन्नड. (तालुक्यात कन्नड माध्यमाच्याही शाळा आहेत, कोण कुठे जातं याची कारणं घरोघरी वेगळी.) सुरुवातीला "पाणी पिऊन या" म्हटलं की पहिलीतली पोरं माझ्या तोंडाकडे बघत बसायची. एका मोठ्या मुलीनं मागून "नीरु!" म्हटलं आणि सगळी पळाली. मग मीच विद्यार्थी झालो. घर म्हणजे मने, जेवण म्हणजे ऊटा, फूल म्हणजे हूवु. पोरांना सर चुकतात याचा इतका आनंद, की मला दुरुस्त करता करता ती मराठी बोलायला लागली.

पहिलीतलं मूल गप्प बसलं की 'कच्चं आहे' असा शेरा मारणारे अजून भेटतात. तेच मूल घरी आजीशी तासभर कन्नडमध्ये वाद घालत असतं. त्याला गोष्ट सांगता येते, कारण देता येतं, खोटंही बोलता येतं. अडतं फक्त मराठीपाशी. म्हणून चित्र दाखवून आधी कन्नडमध्ये बोलू देतो, मग तेच मराठीत, मग त्यातले दोन-तीन शब्द फळ्यावर.

दोन गमती. कन्नडमध्ये माणसं सोडून बाकी बहुतेक सगळं नपुंसकलिंगी. त्यामुळे आमची पोरं तिसरीपर्यंत 'ते खुर्ची', 'ते दगड' म्हणतात. खुर्ची बाई का आणि दगड बाप्या का, याचं उत्तर माझ्याकडेही नाही. दुसरी गंमत म्हणजे त्यांचे ण आणि ळ एकदम खणखणीत, कारण कन्नडमध्ये दोन्ही आहेत. 'पानी' म्हणणारी आमची मराठी घरातली पोरं तिथे त्यांच्याकडून शिकतात.

विटा. आजी सांगतेय, नात टाइप करतेय

लेक आन सून तमिळनाडूत, गलाईच्या धंद्यात. आमच्या भागातलं निम्मं गाव असंच देशभर सोनं-चांदी गाळाय गेल्यालं. नातू तिकडंच शिकला दुसरीपतोर, मग माझ्याकडं आला. मराठी झकास बोलतो, घरात तीच की. पन लिवायचं म्हटलं की 'घर'चं 'कर' लिवायचा, 'गाडी'ची 'काडी'. मला वाटलं पोराच्या डोक्यात काय तरी बिघाडलंय. मग बाईंनी सांगितलं, तमिळमदी क, ख, ग, घ सगळ्याला एकच अक्षर. एका अक्षराच्या जागी चार कशाला, असं त्याला वाटायचं. मग आमी खेळ केला. तोंडाम्होरं कागदाचा कपटा धरायचा. 'क' म्हटलं की गप ऱ्हातुया, 'ख' म्हटलं की उडतुया. गुरवाच्या पोरीनं बी केला, शेजारनीनं बी केला. हसून हसून पोटात दुखलं. आता लिवतो नीट. कधी चुकलाच तर सोताच कपटा धरून बघतो.

(टाइप करणारी : ग आणि घ ला कागद तेवढा उडत नाही. तिथे गळ्यावर हात ठेवायचा. क म्हणताना गळा थरथरत नाही, ग म्हणताना थरथरतो. हे मी शोधलं, आजी श्रेय देत नाहीये.)

कराड. आई

मुलगा इंग्रजी माध्यमात, दुसरीत. इंग्रजी वाचतो, मराठीला तोंड वाकडं करतो. आजोबांना पाठवायचा निरोप रोमन लिपीत लिहून दिला तेव्हा घरात महाभारत झालं. पुस्तक हातात घेईना म्हणून मी एसटी स्टँडवर न्यायला लागले. पाट्या वाचायच्या. 'पाटण', 'चिपळूण', 'मार्गे उंब्रज', 'जलद'. गाडी सुटायच्या आत वाचलं तर त्याला गुण, नाही तर मला. 'विनावाहक' हा शब्द त्याने एका दमात वाचला आणि नंतर आठवडाभर घरात सगळ्यांना विनावाहक म्हणत होता.

लिहिताना मात्र पहिली वेलांटी नेहमी चुकते. 'किती' लिहायचं तर आधी क काढतो, मग उजवीकडे वेलांटी, आणि होतं 'कीती'. तो म्हणतो, "आधी क ऐकू येतो ना, मग काठी आधी का काढायची?" बोलणंच खुंटलं माझं. कुणी शिक्षक आहेत का इथे?

फलटण. निवृत्त शिक्षिका

कराडच्या ताई, तुमच्या मुलाचा तर्क बरोबर आहे. आपल्या लिपीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर आणि लिहिण्यात आधी येते. ते हाताच्या सवयीनं बसतं, समजावून नाही. त्यातून मराठीत बोलताना ऱ्हस्व-दीर्घ फारसं वेगळं ऐकूच येत नाही, त्यामुळे कानावर भरवसा ठेवून लिहिणारं मूल चुकणारच. पहिली-दुसरीत मी त्यावर लाल पेन उचलत नसे. ते आपल्या मनातलं लिहितंय ना, एवढंच बघायचं.

आमच्या गावाला या बाबतीत एक भाग्य लाभलं. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेत जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी फलटणच्या बोलीवरच पीएच.डी. केली, इथेच राहिल्या आणि कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी केली. मुलाची घरची बोली चुकीची नसते हे आम्हाला ट्रेनिंग कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. "म्या काल रानात गेलतो" असं एकाने लिहिलं तर मी आधी विचारायचे, "रानात काय केलंस?" तो आणखी चार ओळी लिहायचा. 'मी गेलो होतो' हे पुस्तकातलं रूप वेगळं सांगायचं, तेही लिहून झाल्यावर. आधीच खोडलं की दुसऱ्या दिवशी तो "माझे नाव अमुक, मला शाळा आवडते" एवढंच लिहितो. शुद्ध आणि निर्जीव.

वाई. आजोबा

वरील बाईंचा आदर ठेवून लिहितो, मला हे पटत नाही. आम्ही बाराखडी, पाढे, श्लोक घोकले. विश्वकोशाच्या गावात राहतो, शुद्धलेखनाची चाड आहे. आज दहावीची मुलं 'आणि'ची वेलांटी दीर्घ काढतात, ती याच लाडाने. पाठांतराने कान तयार होतो आणि शब्दसंपत्ती वाढते, हे तरी मान्य कराल?

धागाकर्ती

आजोबा, पाठांतराबद्दल पूर्ण मान्य. श्लोक, हादग्याची गाणी, भेंड्या, कोडी यातून आवाज तोडणं-जोडणं फुकटात शिकून होतं. माझी शंका फक्त बाराखडीची आहे. 'क ते कः' सुरात म्हणणाऱ्या मुलाला मधलंच 'के' वेगळं दाखवलं तर ते पहिल्यापासून म्हणत तिथवर येतं. हे आमच्या गल्लीतल्या पाच-सहा पोरांवर बघितलंय.

वाळवा तालुका. ऊसतोड तळावर शिकवणारी

दिवाळीच्या सुमारास बीडकडून टोळ्या येतात, कारखाना बंद झाला की जातात. म्हणजे या मुलांचं शालेय वर्ष कधीच एका जागी पूर्ण होत नाही. तिकडे निम्मं पुस्तक, इकडे पुन्हा पहिलं पान. दहा वर्षांचा मुलगा अक्षरांवर अडलेला, आणि पहिलीचं बदकाचं पान दिलं की लाजतो. तेव्हा पुस्तक ठेवून त्यांच्याच शब्दांपासून सुरुवात केली. कोयता, मोळी, वाढं, पाचट, खेप, कोपी (तळावरची त्यांची झोपडी), मुकादम. प्रत्येकाने एक शब्द सांगायचा, मी पुठ्ठ्यावर लिहायचं, तो पुठ्ठा त्याचा. 'कोयता'तला क आणि 'कोपी'तला क एकच हे त्यांनीच शोधलं. नंतर वजनकाट्याची पावती वाचायला घेतली. बापाच्या खेपेचं वजन स्वतः वाचून दाखवणाऱ्या पोरीला कोपीत काय मान मिळाला ते बघायला हवं होतं तुम्ही.

सोबत एक वही देते. कुठवर आलो, कोणते शब्द येतात. गावाकडच्या बाईंना दाखव म्हणते. कुणी दाखवतं, कुणाची वाटेत हरवते.

मिरज. बाबा

थोडं वेगळं. मुलीचं वाचन बरं, पण श्रुतलेखनात प-फ, ट-ठ, स-श यांचा गोंधळ. शिकवणी लावा, लक्ष नाही, असं ऐकत होतो. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं, त्यांनी कान दाखवायला सांगितलं. सारख्या सर्दीमुळे पडद्यामागे पाणी साचलं होतं आणि ऐकू कमी येत होतं. ठार बहिरेपणा नव्हता म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. उपचारानंतर फरक पडला. टीव्हीचा आवाज वाढवणं, "हां?" करत राहणं, पाठमोरं बोललेलं न कळणं, असं काही दिसलं तर शिकवणीच्या आधी कानाच्या डॉक्टरकडे जा.

पाटण तालुका, डोंगरातली द्विशिक्षकी शाळा

पट इतका कमी की चारही इयत्ता एकाच खोलीत. लोक हळहळतात. खरं सांगू, भाषेसाठी हे सोयीचं पडतं. पहिलीतलं पोर तिसरीची गोष्ट रोज ऐकतं आणि तिसरीची मुलगी त्याला वाचून दाखवताना स्वतः सावकाश, अर्थ लावत वाचते.

वेगाचं मात्र एक सांगायचंय. निपुण भारत, म्हणजे लहान मुलांना वाचन-लेखन आणि गणित यावं यासाठीचं केंद्र सरकारचं अभियान, २०२१ साली सुरू झालं. तिसरीअखेर मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, हे त्यातलं एक लक्ष्य. तपासणीला घड्याळ येतं आणि 'समजून' हा शब्द मागे राहतो. माझ्याकडे एक पठ्ठ्या आहे, उतारा घाटातल्या ट्रकसारखा सोडतो. विचारलं, "कोल्हा विहिरीत का पडला?" तर म्हणाला, "कुठला कोल्हा?"

तासगाव. अंगणवाडी सेविका

पालक तीन वर्षांच्या लेकराला घेऊन येतात आणि विचारतात, एबीसीडी कधी? मी कणीक मळायला देते, मणी ओवायला देते, बाजारात काय आणलं ते सांगायला लावते. पेन्सिल नंतर. बोटात जोर नसला की अक्षर काढताना हात दुखतो आणि लिहायचाच कंटाळा बसतो.

कराडची आई, पुन्हा

वेलांटीबद्दल आभार. मे महिन्यात भिलारला नेलं होतं. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरात पुस्तकं मांडलेली. चिरंजीव बालसाहित्याच्या घरात बसले आणि स्ट्रॉबेरी खायलाही उठेनात. घरी आलो की परत तेच. रोज काय करावं? जतचे सर सांगतील का?

जतचे शिक्षक

पुस्तक त्याला निवडू द्या, मग ते पहिलीचं का असेना. एक पान तुम्ही वाचा, एक त्याने. तो अडला की शब्द लगेच सांगून टाका, फोड करायला लावू नका, नाही तर गोष्ट तुटते. फोड करायचा खेळ वेगळ्या वेळी. आणि कंटाळला की पुढचं तुम्ही वाचा, पण गोष्ट अर्धी सोडू नका. आमच्याकडे मी ऐन रंगात थांबतो, मधल्या सुट्टीत पुस्तक पळवून पुढचं बघणारे दोघं-तिघं असतातच.