४ जीबीच्या क्लाउड सर्व्हरवर ओपनसर्च: कंटेनर रात्री मरतो, आणि मराठी शोधही धड चालत नाही

जुनीपानं

जुन्या मराठी मासिकांतल्या लेखांचं संकेतस्थळ आहे. सुमारे ८५ हजार लेख, सगळा मजकूर मायएसक्यूएलमध्ये, अंदाजे १.२ जीबी. 'लाइक' लावून चालणारा शोध आता फारच रेंगाळतो, म्हणून डॉकरमध्ये ओपनसर्च २.१९ हे शोध-इंजिन बसवलं आहे.

सर्व्हर: २ व्हीसीपीयू, ४ जीबी रॅम, ६० जीबी एसएसडी, उबुंटू २२.०४. त्याच मशीनवर एनजिनएक्स, पीएचपी, मायएसक्यूएल आणि ओपनसर्च डॅशबोर्ड्सही आहेत.

अडचणी अशा:
१. रात्री नवे लेख आयात होताना कंटेनर १३७ कोड देऊन बंद पडतो. हीप (ओपनसर्च ज्या जावावर चालतं तिला राखून दिलेली मेमरी) १ जीबीची २ जीबी केली, तर आता कधीकधी मायएसक्यूएलसुद्धा पडतं.
२. क्लस्टरच्या स्थितीचा रंग कायम पिवळा.
३. यूएफडब्ल्यूमध्ये (उबुंटूची फायरवॉल) ओपनसर्चचा ९२०० पोर्ट बंद आहे, तरी बाहेरून उघडतो. हे कसं?
४. 'पुस्तक' शोधलं की 'पुस्तकाच्या' असलेले लेख येत नाहीत.

मशीन मोठं घ्यावं का? बजेट बेताचं आहे.

---

लिनक्सकर

(सेटिंगांची नावं इथे देवनागरीत लिहितोय, फाइलीत मूळ रोमन स्पेलिंगनेच टाका.)

मशीन तूर्तास राहू द्या. १३७ म्हणजे १२८ + ९: प्रक्रियेला सिगकिल (ताबडतोब मारणारा ९ क्रमांकाचा सिग्नल) मिळाला, म्हणजे मेमरी संपली म्हणून कर्नलने जावाला मारलं. 'डीमेसेज'मध्ये 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस' अशी ओळ सापडेल. ओपनसर्चच्या स्वतःच्या लॉगमध्ये काहीच सापडणार नाही, कारण लिहायला त्याला वेळच मिळत नाही.

इथे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधं एकमेकांच्या उलट आहेत. लॉगमध्ये 'जावा.लँग.आउटऑफमेमरीएरर' किंवा 'सर्किट_ब्रेकिंग_एक्सेप्शन' दिसत असेल तर हीप अपुरी आहे, वाढवा. लॉग मध्येच तुटलाय आणि कर्नलने मारलंय, तर हीप त्या मशीनच्या मानाने जास्त आहे, कमी करा. तुम्ही दुसऱ्या आजारावर पहिल्याचं औषध दिलंत, म्हणून मायएसक्यूएलचाही बळी जायला लागला.

'हीप रॅमच्या निम्मी' हा नियम त्या मशीनवर दुसरं काहीही चालत नसेल तेव्हाचा. उरलेली निम्मी रॅम मोकळी पडलेली नसते. ल्युसीनच्या (ओपनसर्चच्या आतला शोधाचा गाभा) इंडेक्स फाइली ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेज कॅशमधून वाचल्या जातात, शोधाचा वेग तिथून येतो. शिवाय जावाची भूक हीपपाशी थांबत नाही. डायरेक्ट मेमरीची कमाल मर्यादा हीपच्या निम्मी ठेवलेली असते, त्यात थ्रेडचे स्टॅक आणि मेटास्पेस मिळवा. २ जीबी हीप दिली की प्रक्रिया सहज अडीच जीबीच्या पुढे जाते.

तुमच्या मशीनवर हे करा:

- डॅशबोर्ड्स काढून टाका. ती नोडजेएसची वेगळी प्रक्रिया आहे आणि सर्व्हरवर चोवीस तास चालायची काहीच गरज नाही. लागेल तेव्हा आपल्या लॅपटॉपवर चालवा आणि एसएसएच बोगद्यातून जोडा.
- हीप १ जीबी. 'ओपनसर्च_जावा_ऑप्ट्स'मध्ये एक्सएमएस आणि एक्सएमएक्स दोन्ही १जी, सारखेच. वेगवेगळे ठेवले की चालू असताना हीप वाढते आणि त्या क्षणी नेमकी मेमरी नसते.
- कंटेनरला 'मेम_लिमिट' २ जीबी लावा. काही बिघडलंच तर ओपनसर्च एकटं पडेल, मायएसक्यूएल वाचेल.
- होस्टवर 'व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट' २६२१४४ करा. बऱ्याच लिनक्सवर तो ६५५३० असतो. 'सिसकंट्रोल' कमांडने नुसता बदललात तर रीबूटनंतर पुन्हा जुना होतो, '/ईटीसी/सिसकंट्रोल.डी'मध्ये फाइल ठेवा. हे कंटेनरच्या आत नाही, होस्टवर करायचं.

आयातीबद्दल. एकेक लेख पाठवत असाल तर बल्क एपीआय वापरा, पण एका विनंतीत ५ ते १० एमबीच्या वर जाऊ नका. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, त्यामुळे '१००० लेखांची बॅच' इंग्रजीच्या हिशोबाने ठरवलीत तर ती जवळपास तिप्पट भरते. सगळे ८५ हजार लेख पहिल्यांदा भरताना 'रिफ्रेश_इंटरव्हल' (नवे लेख किती वेळाने शोधात दिसू लागतील तो काळ) -१, म्हणजे बंद, करा, संपलं की ३० सेकंदांवर आणा. रोज लेख घालणाऱ्या साइटला १ सेकंदाचा रिफ्रेश कशाला हवाय? आणि मायएसक्यूएलडंप (मायएसक्यूएलचा बॅकअप) त्याच वेळी चालत असेल तर दोन्हींच्या वेळा वेगळ्या करा.

पिवळा रंग: रेप्लिका (जादा प्रत) १ आहे आणि नोड (ओपनसर्चचा सर्व्हर) एकच. प्रायमरी शार्डची (इंडेक्सच्या मूळ तुकड्याची) प्रत त्याच नोडवर ठेवता येत नाही, म्हणून ती कायम 'अनअसाइन्ड'. 'नंबर_ऑफ_रेप्लिकाज' ० करा, हिरवा होईल. शार्डही एकच ठेवा. एका शार्डसाठी १० ते ५० जीबी हा वापरातला आकडा आहे, तुमचा इंडेक्स त्याच्या जवळपासही नाही. पाच शार्ड केल्याने एकाच डिस्कवर वेग वाढत नाही.

---

खिडकीबंद

तिसरा मुद्दा आधी मिटवा, बाकी सगळं नंतर.

डॉकरमध्ये '-पी ९२००:९२००' लिहिलं की डॉकर स्वतः आयपीटेबल्सच्या नॅट टेबलात नियम घालतं. पॅकेट यूएफडब्ल्यूच्या 'इनपुट' साखळीकडे येतच नाही, 'फॉरवर्ड'मधून थेट कंटेनरकडे जातं. त्यामुळे यूएफडब्ल्यू 'डिनाय' दाखवत राहतं आणि दार सताड उघडं असतं. उपाय एका ओळीचा: '१२७.०.०.१:९२००:९२००' असं लिहा. ९३०० हा नोडनी आपापसांत बोलायचा पोर्ट, एक नोड असताना तो प्रकाशित करूच नका. शिवाय क्लाउडच्या पॅनेलमध्ये मशीनच्या बाहेरची फायरवॉल असते, तिच्यात फक्त २२, ८० आणि ४४३. ती डॉकरच्या आधी लागते, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवता येतो.

उघड्या इलास्टिकसर्चवर (ओपनसर्च त्यातूनच निघालं) जानेवारी २०१७ मध्ये खंडणीचे हल्ले झाले. जुलै २०२० मध्ये 'म्याव' नावाच्या बॉटने हजारो उघडे इंडेक्स पुसून टाकले, खंडणीसुद्धा न मागता.

ओपनसर्च २.१२ पासून 'ओपनसर्च_इनिशियल_ॲडमिन_पासवर्ड' दिल्याशिवाय डेमो सुरक्षा सेटअप पुढे जात नाही आणि कमकुवत पासवर्ड नाकारला जातो. चांगलं आहे, पण डेमो सर्टिफिकेट जगभर सगळ्यांकडे तीच आहेत, दुसऱ्या मशीनवरून जोडणार असाल तर स्वतःची बनवा. पीएचपीला ॲडमिनचा वापरकर्ता देऊ नका. एका इंडेक्सवर वाचायची परवानगी असलेला एक आणि आयातीसाठी लिहिणारा दुसरा, असे दोन काढा.

आणि ब्राउझरमधून थेट ओपनसर्चला क्वेरी जाऊ देऊ नका, मध्ये पीएचपी हवंच. वापरकर्त्याने सुरुवातीलाच तारांकन टाकलं की सगळी टर्म-यादी चाळावी लागते, दोन व्हीसीपीयूवर असे चार जण पुरतात.

---

जुनीपानं

धन्यवाद. पोर्ट लगेच बंद केला, डॅशबोर्ड्स काढले, हीप १ जीबी केली. मराठीसाठी 'हिंदी' ॲनालायझर (मजकुरातून शोधायचे शब्द पाडणारा भाग) लावून पाहिला. 'घोडा' आणि 'घोडे' जुळतात, पण 'घोड्याला' नाही. आयसीयू (युनिकोड हाताळणारं) प्लगइन टाकावं का?

---

अक्षरजुळणी

आयसीयूची घाई नको. त्याची आवृत्ती सर्व्हरच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते, आणि चालू कंटेनरमध्ये बसवलं तर कंटेनर नव्याने बनताच ते जातं. मग त्याच्यावर अवलंबून असलेला इंडेक्स उघडत नाही. लागलंच तर स्वतःच्या डॉकरफाइलमध्ये घाला. पण तुमचं काम अंगभूत फिल्टरांवर होईल.

मराठीसाठी तयार ॲनालायझर नाही. हिंदीच्या ॲनालायझरमधला नॉर्मलायझर (लिहिण्याच्या वेगवेगळ्या पद्धती एक करणारा) आपल्याला हवा आहे, स्टेमर (शब्दाचा शेवट छाटणारा) नको. हिंदीचा स्टेमर शेवटची मात्रा छाटतो, म्हणून घोडा-घोडे जुळले. 'घोड्याला'मधला फक्त शेवटचा काना जातो आणि 'ला'तला 'ल' तिथेच राहतो. विभक्तिप्रत्यय आणि सामान्यरूप ही आपली भानगड त्याला माहीतच नाही.

कस्टम ॲनालायझरचा क्रम:

१. 'मॅपिंग' कॅरेक्टर फिल्टर: 'अ‍ॅ' (अ, शून्य-रुंदीचा जोडक, चंद्र) हे 'ॲ' या एकाच चिन्हात बदला. 'अ‍ॅप' आणि 'ॲप' डोळ्यांना सारखे दिसतात, आत वेगळे असतात.
२. 'स्टँडर्ड' टोकनायझर (मजकूर शब्दांत तोडणारा).
३. 'लोअरकेस' आणि 'डेसिमल_डिजिट'. दुसऱ्यामुळे १९६० आणि इंग्रजी अंकांतलं तेच साल एक होतं. मासिकांच्या साइटला हे हवंच.
४. 'इंडिक_नॉर्मलायझेशन', मग 'हिंदी_नॉर्मलायझेशन'. याच क्रमाने.
५. 'पॅटर्न_रिप्लेस' फिल्टरने प्रत्यय छाटणं.

चौथ्या पायरीत काय होतं ते नीट पाहा. नुक्ता आणि जोडक जातात, 'ऱ' चा 'र' होतो, चंद्रबिंदूचा अनुस्वार होतो, दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व होतात, आणि हलन्ताचं चिन्ह गळतं. त्यामुळे 'दुसऱ्या' आणि जुन्या पद्धतीने टाइप केलेलं 'दुसर्‍या' दोन्ही 'दुसरया' होतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही आपोआप पोटात घेतल्या जातात. किंमत एवढीच की 'दिन' आणि 'दीन' एक होतात. म्हणून त्याच मजकुराचं नॉर्मलायझर न लावलेलं एक उप-फील्ड ठेवा आणि क्वेरीत त्याला जास्त वजन द्या, म्हणजे हुबेहूब जुळणारे लेख वर येतील.

पाचव्या पायरीत बहुतेकांचा पाय घसरतो. प्रत्यय छाटायचे ते नॉर्मलाइझ झालेल्या शब्दातून, त्यामुळे पॅटर्नही त्याच रूपात लिहायला हवा. 'मध्ये' नव्हे, 'मधये'. 'च्या' नव्हे, 'चया'. 'साठी' नव्हे, 'साठि'. 'ांनी' नव्हे, 'ांनि'. शुद्ध लिहिलेला पॅटर्न एकाही शब्दाला लागणार नाही आणि एरर तर येणारच नाही.

सुरुवातीला 'मधये', 'साठि', 'पासुन', 'चया', 'चा', 'चि', 'चे', 'ला', 'ना', 'ने', 'नि' एवढे पुरेत, लांब आधी आणि आखूड नंतर. दुसऱ्या 'पॅटर्न_रिप्लेस'ने टोकाला उरलेला काना, मात्रा आणि अनुस्वार काढा, आणि तिसऱ्याने उघडा पडलेला 'य'. तेव्हा 'घोडयाला' चा 'घोड' होतो आणि 'घोडा'चाही. तिन्हींत 'मागे किमान दोन चिन्हं उरली पाहिजेत' अशी लुकबिहाइंड अट घाला, नाहीतर 'कला' चा 'क' होईल. मोजताना लक्षात असू द्या, इथे मात्रासुद्धा एक चिन्ह धरली जाते, त्यामुळे 'माला'चं 'मा' या अटीतून सुटतं. 'कीवर्ड_मार्कर' लावून अपवाद वाचवायला जाऊ नका, तो स्टेमर फिल्टर पाळतात, 'पॅटर्न_रिप्लेस' पाळत नाही. 'समय', 'विषय' यांचाही 'य' जाईल. पण इंडेक्समधून आणि क्वेरीतून दोन्हींकडे जातो, म्हणून जुळणी बिघडत नाही.

प्रत्येक बदलानंतर '_ॲनालाइझ' एपीआयला पन्नासेक शब्द देऊन टोकन बघा. इंडेक्समध्ये डेटा भरण्याआधी.

---

ढगफुटी

वरच्याला जोडून: चालू फील्डचा ॲनालायझर बदलता येत नाही, नवा इंडेक्स करून पुन्हा भरावा लागतो, आणि प्रत्यय छाटणीत हे दहादा होणार. म्हणून पहिल्या दिवसापासून इंडेक्सचं नाव 'लेख_१' आणि पीएचपीला फक्त 'लेख' हे एलियास (टोपणनाव) द्या. (खरी नावं अर्थात रोमन लहान लिपीत.) 'लेख_२' तयार झाला की '_एलियासेस'च्या एकाच विनंतीत जुना काढून नवा जोडा, वाचकाला कळतही नाही. त्या वेळात डिस्कवर दोन्ही इंडेक्स राहतात, तेवढी जागा धरून चाला.

डिस्कचं गणित: ८५ टक्क्यांवर नवे रेप्लिका बसणं थांबतं, ९० वर शार्ड हलवायचा प्रयत्न होतो (एका नोडवर जाणार कुठे?), ९५ वर इंडेक्स फक्त वाचण्यापुरता उरतो. शोध चालू, आयात मात्र 'क्लस्टर_ब्लॉक_एक्सेप्शन' देऊन परत येते, आणि लॉग न पाहणाऱ्याला कळतही नाही. जागा मोकळी होऊन वापर ९० च्या खाली आला की ब्लॉक आपोआप निघतो. डिस्क भरण्याचं कारण बहुधा इंडेक्स नसतोच, डॉकरचे लॉग असतात. 'जेसन-फाइल' ड्रायव्हरला मुळात मर्यादाच नसते. 'मॅक्स-साइझ' ५०एम आणि 'मॅक्स-फाइल' ३ लावा.

बॅकअप: चालू सर्व्हरची डेटा डिरेक्टरी आरसिंकने उचलणं हा बॅकअप नव्हे, सेगमेंट मध्येच बदलतात. स्नॅपशॉट एपीआय वापरा. 'पाथ.रेपो'मध्ये फोल्डर द्या आणि त्याची मालकी १००० या यूआयडीकडे हवी, नाहीतर 'रिपॉझिटरी_व्हेरिफिकेशन_एक्सेप्शन'. पण तुमचा मूळ मजकूर मायएसक्यूएलमध्ये आहे. इतक्या डेटाला मी स्नॅपशॉटचा घाट घालणार नाही. मायएसक्यूएलचा डंप दुसऱ्या ठिकाणी जातोय ना ते पाहा, आणि इंडेक्स शून्यापासून भरणारी स्क्रिप्ट, मॅपिंगच्या फाइलीसकट, गिटमध्ये ठेवा.

---

जुनीपानं

प्रत्ययांचं काम सुरू केलं, 'साठि' लिहिल्यावर खरंच लागलं. एक शेवटचं: सगळीकडे 'स्वॅप बंद करा' म्हणतात. करू का?

---

लिनक्सकर

फक्त ओपनसर्च असलेल्या मशीनवर, हो. तुमच्याकडे मायएसक्यूएल शेजारी आहे. स्वॅप पूर्ण बंद केलात तर मेमरीचा जरासा उसळा आला की कर्नल थेट कोणाला तरी मारणार. २ जीबी स्वॅप ठेवा, 'व्हीएम.स्वॅपिनेस' १ करा, आणि 'बूटस्ट्रॅप.मेमरी_लॉक' ट्रू करून जावाची हीप रॅममध्येच खिळवा. त्यासाठी कंटेनरला 'मेमलॉक'चं यूलिमिट -१ द्यावं लागतं, सॉफ्ट आणि हार्ड दोन्ही. लागलं की नाही ते '_नोड्स' एपीआयच्या उत्तरात 'एमलॉकऑल' ट्रू आहे का यावरून कळेल.