नवं कार्ड, नवा पिन: तुमच्याकडे काय काय झालं?

मागच्या आठवड्यात माझं नवं एटीएम कार्ड आलं. म्हणजे माझ्याकडे नाही, चौकातल्या किराणा दुकानात आलं. मी शाळेत, घराला कुलूप, आणि पोस्टमनदादांना अजून चार गावं करायची होती. दुकानदारानं माझ्या नावापुढे स्वतःची सही ठोकली आणि पाकीट वजनकाट्यामागे ठेवून दिलं. तीन दिवस ते तिथेच. "म्याडम, तुमचं बँकेचं काहीतरी आलंय," हे मला चौथ्या दिवशी तेलाचा पुडा घेताना कळलं.

पाकिटाचा एक कोपरा जरा जास्तच चकाकत होता. डिंक दोनदा लागल्यासारखा. आत कार्ड ज्या जाड कागदाला चिकटवलेलं असतं, तिथून ते सुटून खाली घरंगळलेलं. उन्हामुळे सुटलं असेल. (घाटंजी तालुक्यातलं ऊन ज्यांना माहीत आहे ते हो म्हणतील.) पण मला काही ते पर्समध्ये टाकवेना. शाखेत गेले. तिथले साहेब म्हणाले, "पिन तर तुम्हीच बनवणार, मग भीती कायची?"

अर्धं खरं आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानं नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. ऑनलाइन खरेदी, परदेशातला वापर आणि नुसतं टेकवून पैसे देणं, हे आपण स्वतः सुरू करेपर्यंत बंद असतं. पण कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे कुणी उतरवून घेतले असतील, आणि उद्या मीच ऑनलाइन सुरू केलं तर? कार्ड बंद करायला लावलं, फी भरली, नवं शाखेच्या पत्त्यावर मागवलं. दुकानदार आता माझ्याशी तुटक बोलतो. "मी काय चोर हाय का?" नाही हो भाऊ. पण हे त्याला कसं सांगायचं, ते मला अजून जमलेलं नाही.

तुमचेही अनुभव लिहा. बँकेचं नाव नको, माणसाचं नको. आणि पिन तर नकोच, हसू नका, लोक लिहितात.

पऱ्हाटी (हिंगणघाटकडचा)

आमच्या बाबांचं जनधन खातं, योजना आली त्या २०१४ च्या शिबिरातलं. तेव्हा पिन वेगळ्या पाकिटातून यायचा, आतून काळं, कडेची पट्टी फाडून उघडायचं. बाबांना सांगितलं होतं, कुठं लिहून ठेवू नका. बाबा म्हणाले, नाही लिहीत.

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असतं, त्यावर आई दुधाचा हिशोब मांडते. पोळ्याच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं, आणि आई कॅलेंडरपुढे उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "सरकी ४७, ढेप ३१? आपल्याघरी एकच म्हैस, इतकी सरकी कोनं खाल्ली?" बाबांनी डोळे वटारले, खोकले, शेवटी "अवं तो पिन हाय" असं त्यांच्या मते हळू म्हणाले. बाबांचं हळू म्हणजे शेजारच्या वावरात ऐकू जातं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन एटीएमवर गेलो आणि पिन बदलला. पुढं चिपवालं नवं कार्ड आलं तेव्हा बाबा पुन्हा तेच चार आकडे ठेवत होते. "ध्यानात राहते ना बाप्पा!" ध्यानात राहते, पण सगळ्या गावाच्या. आता काय ठेवलाय मला माहीत नाही. कॅलेंडर मात्र मी तपासलं, बारा महिने.

काउंटरपलीकडचा

मी बँकेत आहे, कुठल्या ते सोडा. पाकिटाचं, डिंकाचं ठीक आहे, पण आमच्या भागातलं मोठं भोक दुसरंच आहे. कार्ड हातात देताना मी एकच विचारतो, "खात्याले नंबर कोनाचा हाय?"

"भाच्याचा."

"भाचा कुठं?"

"पुन्याले."

आता बहुतेक ठिकाणी पिनचं पाकीट येत नाही. नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो एटीएममध्ये टाकून आपला पिन आपण ठरवायचा. म्हणजे ज्याच्याकडे मोबाइल, त्याच्याकडे पिन बनवायची ताकद. शिबिरांत खाती उघडली तेव्हा कित्येकांकडे फोन नव्हता. फॉर्ममधला रकाना रिकामा राहू नये म्हणून भाच्याचा, जावयाचा, टेबलाशी बसलेल्या पोराचाही नंबर लिहिला गेला. वर्षं गेली, नंबर तोच. कुलूप नवं बसवलं आणि किल्ली पुण्याला. म्हणून कार्ड घ्यायच्या आधी आधार आणि पासबुक घेऊन या, स्वतःचा नंबर लावा, मग पिनचं पाहू. लोक चिडतात. एक आजोबा तर म्हणाले, "माह्या भाच्यावर तुमचा भरोसा नाही का?" तुमचा असेल हो आबाजी, पण त्या सिमचं काय? उद्या ते बंद पडलं तर तोच नंबर कंपनी दुसऱ्याला देते.

दुसरं, पैसे गेल्यावर यायला फार उशीर करतात. बुधवारी गेले, तर माणूस मंगळवारच्या बाजाराला येईल तेव्हा बँकेत येतो. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्यानंच घोळ केला, आणि बँकेकडून मेसेज आल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर काही येत नाही. चार ते सात दिवस झाले तर ठरावीक रकमेपर्यंत तुमच्या माथी. आणि पिन तुम्हीच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. तक्रार केली की नंबर मागून घ्या. तोंडी "सांगतलं होतं साहेबाले" हे उपयोगाचं नाही.

धारणीची सून

भाऊ, नंबर घरचाच होता, तरी माझी फजिती झाली. आमच्या गावात रेंज एका मोहाच्या झाडाखाली येते, बाकी राम राम. फोन एकच, तो यांच्याकडे. मी धारणीला एटीएमवर गेले, ओटीपी यांच्या फोनवर. मग रांगेतल्या एका ताईचा फोन घेतला, हे झाडाखाली उभे, आवाज तुटत होता म्हणून स्पीकर लावला. यांनी आकडे तीनदा ओरडून सांगितले. मधला एक आकडा मी विसरले तर मागच्या पोरानं आठवण करून दिली! ओटीपी एकदाच चालतो म्हणतात, ते ठीक. पण लगेच मी पिन ठरवायला लागले तर चार जणांच्या माना पुढं.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी गेले, काळं कुत्रं नव्हतं तेव्हा. यांचा फोन सोबत घेतला, आकड्यांवर पदर धरला आणि पुन्हा बदलला. चौकीदार दादा म्हणाले, पदर कायले? म्हटलं, कॅमेऱ्याची लाज वाटते.

आजीचा नातू, वणी

माह्या आजीनं नवं कार्ड हाती आल्याबरोबर त्याच्या कोपऱ्यावर माह्या बहिणीचं लाल नखपॉलिश लावलं. आमी हासलो. आजीले वाचता येत नाही, सगळे कार्डं तिले सारखेच दिसते.

बाजारच्या दिवशी एटीएमवर एक चांगल्या कपड्यातला पोट्टा, "आजी, द्या मी काढून देतो." इनं देल्लं. त्यानं दोनदा आत घातलं, म्हने मशीन खराब हाय, कार्ड परत. आजीनं उलटून पाह्यलं आन् तिथंच बोंब ठोकली, "लाल कुठं हाय? हे माह्यं नाही!" पोट्टा पयाला, पन तिचं कार्ड टाकून पयाला. कार्ड बदलून द्याची ही जुनी युक्ती हाय, पिन पाहून घेतेत, आन् आपल्याले घरी गेल्यावर कळते. पिन तर त्यानं पाह्यलाच होता, म्हनून आमी त्याच दिवशी बदलला.

आता आमच्या आळीतल्या सगळ्या म्हाताऱ्यायच्या कार्डाले रंग हाय. एकीनं तर हिरवा लावला, वळख पटाले.

संत्रावाला, मोर्शी

माझं लाजिरवाणं आहे, तरी लिहितो. कार्ड दुपारी आलं, संध्याकाळी फोन. "सर, तुमचं नवं कार्ड मिळालं ना? चालू करून देतो." कार्ड आल्याचं त्याला कसं माहीत, हा विचार मला पैसे गेल्यावर सुचला. बागेत पाणी सुरू होतं, मी घाईत होतो, सोळा आकडे सांगितले, मागचे तीन सांगितले, आणि "सेवा सुरू करायचा" म्हणून ओटीपी पण. ९,४०० रुपये.

बायकोनं १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, लावायला सांगितलं, तिला बचत गटात कळलं होतं. अर्ध्या तासात लावला. पुढच्या खात्यात थोडी रक्कम अडकवली गेली, बाकीची तोपर्यंत निघून गेली होती. मी बी.एस्सी. ॲग्री आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण गावात सगळे म्हणतात, अडाणी लोक फसतात.

एक कळलं ते सांगतो. खरे बँकवाले आता १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून फोन करतात. आणि त्यावरून आला तरी ओटीपी द्यायचा नाहीच.

पऱ्हाटी

जुन्या कार्डाचं काय करता? आमच्याकडे त्यानं पिठल्याची कढई खरवडतात.

काउंटरपलीकडचा

खरवडा, पण आधी चिप मधोमध कापा. आणि नवीन कार्ड टेकवून चालणारं असेल तर ध्यानात ठेवा, ती सोय सुरू केली की ५,००० पर्यंत पिन विचारत नाही. गरज नसेल तर बंदच राहू द्या.

तुरीची डाळ

तुमचे सगळ्यांचे चोर बाहेरचे आहेत म्हणून लिहू की नको करत होते.

माझ्या खात्यात लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात. नवं कार्ड आलं तशी घरात एकच विचारणा, पिन किती? सासूबाई म्हणाल्या, "घरच्या मानसापासून काय लपवाचं?" मी नवऱ्याला चार आकडे सांगितले. चुकीचे. ते तालुक्याला गेले, तीनदा टाकले, कार्ड त्या दिवसापुरतं बंद झालं, हात हलवत परत आले. त्या रात्री जेवताना कुणी बोललं नाही. मीही नाही. कार्ड मी तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी घालून ठेवलं.

महिनाभरानं सासूबाई माझ्याजवळ आल्या. लुगड्याच्या ओच्यातून त्यांचं निराधारच्या पगाराचं कार्ड काढलं. म्हणाल्या, "माह्याबी पिन बदलून दे. अन् त्याले सांगू नको."

दोघी बसनं गेलो. त्या आकडे दाबत होत्या तेव्हा मी दाराकडे तोंड करून उभी होते. आता डब्यात दोन कार्डं आहेत. डाळ संपत आली की ती आम्हीच भरतो, दुसऱ्या कुणाला भरू देत नाही.