टाळेबंदीतला पगार: फुटबॉलपटूंनी तो सोडायला हवा होता का?

फातोर्ड्याचा प्रेक्षक

१४ मार्च २०२० रोजी फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना प्रेक्षकांविना झाला. मी मडगावात राहूनही तो घरी टीव्हीवर पाहिला. एटीकेने चेन्नईयनला ३-१ असे हरवले, पण माझ्या लक्षात राहिला तो खेळाडूंच्या हाकांचा रिकाम्या खुर्च्यांमध्ये घुमणारा आवाज. हा सगळा डोलारा कोणाच्या येण्या-जाण्यावर उभा आहे, हे त्या संध्याकाळी मला फार स्पष्टपणे जाणवले.

दहा-अकरा दिवसांत देशभर टाळेबंदी लागली. त्याच सुमारास युरोपातून बातम्या येऊ लागल्या की इटलीतील युव्हेंटस क्लबच्या खेळाडूंनी आणि प्रशिक्षकांनी चार महिन्यांच्या, म्हणजे सुमारे ९ कोटी युरोंच्या पगारावर पाणी सोडले आहे आणि बार्सिलोनाच्या खेळाडूंनी स्पेनमधील कोविडची आणीबाणी असेपर्यंत ७० टक्के कपात मान्य केली आहे. इंग्लंडमध्ये मात्र प्रीमियर लीग या तिथल्या सर्वोच्च स्पर्धेच्या ३० टक्के पगारकपातीच्या प्रस्तावावर चर्चेची गुऱ्हाळे चालू राहिली. आपल्याकडे एप्रिलमध्ये खासदारांचे वेतन वर्षभरासाठी ३० टक्क्यांनी कमी करण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्यावर फारशी खळखळ झाली नाही.

माझे मत स्पष्ट आहे. ज्याची एका महिन्याची मिळकत एखाद्या मैदान कामगाराच्या आयुष्यभराच्या मिळकतीपेक्षा जास्त आहे, त्याने कोणी मागण्याआधी, स्वतःहून पगाराचा मोठा वाटा सोडायला हवा होता. सामने बंद म्हणजे क्लबचे उत्पन्न बंद, आणि उत्पन्न बंद झाले की पहिली कुऱ्हाड कपडे धुणाऱ्यावर, गवत कापणाऱ्यावर आणि तिकीट खिडकीवरच्या माणसावर पडते. त्यांना वाचवण्याइतके पैसे संघातल्या पहिल्या अकरा जणांकडे होते. अशी वेळ पुन्हा येणारच नाही असे कोणी सांगू शकत नाही, म्हणून हा विषय मांडत आहे.

पणजीचा लेखापाल

आपली तळमळ मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. खेळाडूने पगार सोडला तर तो पैसा नेमका कोठे जातो, याकडे आपण पाहिलेले नाही. तो मैदान कामगाराकडे आपोआप जात नाही. तो क्लबच्या खात्यात राहतो, म्हणजे पर्यायाने मालकाकडे राहतो.

इंग्लंडमधील खेळाडूंच्या संघटनेने एप्रिल २०२० मध्ये मांडलेला हिशेब पाहावा. बारा महिन्यांसाठी ३० टक्के कपात केली तर पगारात ५० कोटी पौंडांहून अधिक घट होते आणि सरकारचा २० कोटी पौंडांहून अधिक कर बुडतो. ज्या सार्वजनिक आरोग्यसेवेचे नाव घेऊन आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक खेळाडूंना कपात स्वीकारा म्हणत होते, तिचा खर्च याच करातून चालतो. बँकांचे प्रमुख, निधी व्यवस्थापक, क्लबांचे अब्जाधीश मालक या कोणाचेही नाव न घेता वीस-बावीस वर्षांच्या, बहुतांशी कष्टकरी घरांतून आलेल्या मुलांकडे बोट दाखवणे मला तेव्हाही अन्यायाचे वाटले आणि आजही वाटते.

शिवाय त्याच आठवड्यांत काही श्रीमंत क्लब काय करत होते? टॉटनहॅम आणि न्यूकॅसल यांनी न खेळणाऱ्या कर्मचाऱ्यांना सरकारी योजनेत ढकलले. त्या योजनेत ८० टक्के पगार, महिन्याला २,५०० पौंडांच्या मर्यादेत, जनतेच्या पैशातून दिला जात होता. लिव्हरपूलनेही तसेच जाहीर केले, आणि समर्थकांनी झोड उठवल्यावर दोन दिवसांत माफी मागून निर्णय फिरवला. टॉटनहॅमलाही पुढे माघार घ्यावी लागली. मालकाची जबाबदारी खेळाडूच्या खांद्यावर ढकलायची आणि खेळाडूने हिशेब विचारला की त्याला लोभी म्हणायचे, हा प्रकार मला सहन होत नाही.

फातोर्ड्याचा प्रेक्षक

लेखापाल साहेब, कराचा मुद्दा बिनतोड आहे असे मी समजत नाही. सरकारला चाळीस-पंचेचाळीस टक्के मिळाले तरी उरलेली रक्कम खेळाडूच्या घरीच राहते, आणि माझा प्रश्न त्या उरलेल्या रकमेबद्दल आहे. बार्सिलोनाच्या खेळाडूंनी कपात घेताना, इतर कर्मचाऱ्यांना पूर्ण पगार मिळावा म्हणून आपण वेगळी भर घालू, असेही जाहीर केले होते. म्हणजे पैसा मैदान कामगारापर्यंत पोहोचवण्याची वाट होती आणि ती काहींना सापडलीही होती. ज्यांना ती सापडली नाही त्यांनी ती शोधली का, एवढेच मी विचारतो.

पणजीचा लेखापाल

शोधली. ८ एप्रिल २०२० रोजी लिव्हरपूलचा कर्णधार जॉर्डन हेंडरसन आणि इतर क्लबांच्या कर्णधारांनी पुढाकार घेऊन ‘प्लेयर्स टुगेदर’ नावाचा निधी उभा केला, आणि त्यातला पैसा आरोग्यसेवेच्या धर्मादाय संस्थांकडे गेला. पूर्ण पगार घ्यायचा, त्यावरचा कर भरायचा आणि मग आपल्या हाताने दान करायचे, ही त्यांची रीत मला कपातीपेक्षा शतपटीने स्वच्छ वाटते.

आता कपातीचे उदाहरण घ्या. आर्सेनलच्या बहुतेक खेळाडूंनी एप्रिलमध्ये १२.५ टक्के कपात मान्य केली. ऑगस्टमध्ये क्लबने ५५ पदे कमी करण्याचा प्रस्ताव जाहीर केला. कपात नाकारणाऱ्या मेसुत ओझिलवर चौफेर टीका झाली होती, पण कपात घेणाऱ्यांना तरी त्यांच्या त्यागातून एखादी नोकरी वाचल्याचे समाधान कोणी दिले? स्वित्झर्लंडच्या सिऑन क्लबने तर मार्चमध्येच, पगार कमी करून घ्यायला नकार देणाऱ्या नऊ खेळाडूंना थेट काढून टाकले. नकार दिल्यावर नोकरी जात असेल, तर दिलेल्या होकाराला त्याग हा शब्द मी वापरणार नाही.

वास्कोकर

मी आतापर्यंत वाचत होतो. आपण दोघेही लाखो पौंडांच्या गोष्टी करत आहात, म्हणून घरातली एक गोष्ट सांगतो.

माझा भाचा बचावपटू आहे. त्या मोसमात तो गोव्यातल्या एका क्लबकडून स्थानिक लीग खेळत होता, क्लबचे नाव सांगत नाही. महिन्याला जे मिळायचे ते एखाद्या दुकानातल्या विक्रेत्याच्या पगाराएवढेच होते. मार्चमध्ये स्पर्धा थांबली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात व्यवस्थापकांचा फोन आला की परिस्थिती आपण जाणताच, सर्वांनीच थोडा त्याग करायचा आहे, या महिन्यापासून पैसे नाहीत. त्याच्या हातात करार नव्हता. हंगामाच्या सुरुवातीला मैदानाच्या कडेला उभे राहून ठरलेली तोंडी बोली होती. जूनच्या सुरुवातीला वास्कोतल्या मांगोर हिलचा परिसर कोविडमुळे प्रतिबंधित क्षेत्र झाला. आम्ही त्याच्या जवळच राहतो. पोर घराच्या गच्चीवर उन्हात दोरीउड्या मारत असे आणि दुपारी त्याच बुटांना खोबरेल लावत बसे, कारण चामडे कडक झाले तर नवे घ्यायला पैसे नव्हते. जुलैपासून तो किराणा सामान घरोघर पोहोचवू लागला.

‘त्याग’ हा शब्द युरोपातल्या ताऱ्यांच्या बातम्यांतून निघाला आणि आमच्या घरात फोनवरून येऊन पोहोचला. मोठ्यांनी ७० टक्के सोडले याचे कौतुक वर्तमानपत्रांत छापून आले, आणि तेच कौतुक पुढे करून छोट्यांचे शंभर टक्के कापले गेले. कोलकात्यात ईस्ट बंगालच्या गुंतवणूकदार कंपनीने त्याच काळात अपरिहार्य आपत्तीचे कलम दाखवून खेळाडूंचे करार मुदतीआधी संपवले, आणि भारतीय खेळाडूंच्या संघटनेला त्यांच्यासाठी दाद मागावी लागली. ईस्ट बंगालसारख्या शंभर वर्षांच्या क्लबच्या खेळाडूंची ही गत, तर आमच्या पोराला कोण विचारणार? गोव्याच्या फुटबॉलने आधीच पुष्कळ सोसले होते. साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे तिन्ही क्लब २०१६ मध्ये आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले, तेव्हाच पगारी खेळाडू म्हणून घर चालवण्याच्या जागा घटल्या होत्या.

म्हणून प्रेक्षक बाब, आपले म्हणणे मनापासूनचे आहे हे मला समजते, परंतु फुटबॉलपटूंनी पगार सोडावा असे आपण सरसकट लिहिता तेव्हा ते वाक्य बार्सिलोनापर्यंत पोहोचत नाही. ते वास्कोतल्या एखाद्या व्यवस्थापकाच्या कामी येते.

बांबोळीची परिचारिका

या चर्चेत आरोग्यसेवेचे नाव वारंवार आले, म्हणून लिहिते.

इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा संपूर्ण हंगाम, २० नोव्हेंबरपासून १३ मार्चपर्यंत, अकरा संघांसह आपल्या गोव्यात झाला. फातोर्डा, वास्कोचे टिळक मैदान आणि बांबोळीचे मैदान अशी तीन ठिकाणे होती. माझी कोविड विभागात पाळी असे. पाळी संपवून, पीपीई उतरवून, चेहऱ्यावर मास्कचे वळ घेऊन बसथांब्याकडे निघाले की बांबोळीच्या मैदानाचे दिवे लागलेले दिसत. आत सामना चालू असे आणि बाहेर गर्दी नसे. त्या दिव्यांकडे पाहून मला कधी राग आला नाही. वॉर्डात जे बरे होत होते ते फोनवर तेच सामने पाहत होते, आणि फुटबॉल पाहणारा रुग्ण रात्री कमी घाबरतो हे मी स्वतः अनुभवले आहे. ते खेळाडूही महिनोन् महिने हॉटेलच्या खोल्यांत, घरच्यांपासून दूर, चाचण्यांमागून चाचण्या देत राहिले होते. ते कामच होते.

तरीही लेखापाल भाऊंना एक सांगावेसे वाटते. कर भरणे हे कर्तव्य आहे, त्याला दानाच्या हिशेबात धरू नये. मीही कर भरते. ज्यांच्याकडे अनेक पिढ्यांना पुरेल एवढे आहे, त्यांनी त्या वर्षी जास्त द्यायला हवे होते, या बाबतीत मी प्रेक्षक बाबांच्या बाजूची आहे. फक्त ते मालकाला परत देऊ नये. मँचेस्टर युनायटेडच्या मार्कस रॅशफर्डने जून २०२० मध्ये खासदारांना खुले पत्र लिहिले, लहानपणी आपण शाळेतल्या मोफत जेवणावर कसे अवलंबून होतो ते सांगितले, आणि उन्हाळी सुट्टीत गरीब मुलांची जेवणाची कुपने बंद करण्याचा निर्णय सरकारला मागे घ्यावा लागला. सुमारे १३ लाख मुलांना त्याचा लाभ होणार होता. पगाराच्या कितीही टक्क्यांनी हे झाले नसते.

फातोर्ड्याचा प्रेक्षक

वास्कोकर बाब, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. मी ‘फुटबॉलपटू’ असा एकच शब्द वापरला, ही माझी चूक झाली, आणि ती शब्दापुरती नाही हेही कळले. ज्यांची मिळकत एका ठरावीक मर्यादेखाली आहे त्यांच्या पगाराला हात लावू नये, असे मी आता पहिल्या वाक्यातच लिहीन. मर्यादेवरच्यांबाबत मात्र माझे मत तेच आहे. पैसा मालकाकडे राहतो म्हणून द्यायचेच नाही, हे मला पटत नाही. पैसा कोठे जाईल ते आधी लिहून घ्यावे आणि मग द्यावे.

पणजीचा लेखापाल

लिहून घेण्याबद्दल आपले एकमत होऊ शकते. फिफानेही एप्रिल २०२० मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत क्लब आणि खेळाडूंनी वाटाघाटीने तोडगा काढावा, असेच सुचवले होते. आकडा, कालावधी, परतफेडीची अट आणि वाचणाऱ्या नोकऱ्या हे चारही कागदावर असतील, तर मीच खेळाडूला सही कर म्हणेन. मात्र ‘स्वतःहून, कोणी मागण्याआधी’ हे आपले मूळ शब्द मला अजूनही धोक्याचे वाटतात, कारण घाईने दिलेल्या शब्दाचा कागद नंतर कोणी करत नाही.

वास्कोकर, भाच्याचे थकलेले पैसे शेवटी मिळाले का?

वास्कोकर

मार्चचे मिळाले, तेही गणेश चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात, पाकिटातून. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांचे मागायला तो दोनदा गेला, तेव्हा करार दाखव असे त्याला सांगण्यात आले. पुढच्या मोसमात दुसऱ्या क्लबकडे जाताना त्याने आधी कागद मागितला. दीड पानाचा आहे. त्याच्या आईने तो घरपट्टीच्या पावत्यांबरोबर कपाटात ठेवला आहे.