कैद्याच्या चित्रावर सही कोणाची?

बोरूबहाद्दर (धागाकर्ता):
कारागृहाच्या विक्री केंद्रातून आणलेल्या सतरंजीवर विणणाऱ्याचं नाव नसतं, आणि त्याबद्दल कुणी हू की चू करत नाही. त्याच माणसानं चित्र काढलं तर? माझं मत सरळ आहे: सही त्याची, पैसाही त्याचा. शिक्षेत मोकळेपण जातं, डोकं सरकारजमा होत नाही.

आपल्याकडे याच्या जवळपासचा वाद सुप्रीम कोर्टात गेलेला आहे. प्रभाकर संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध, म्हणजे खटल्याविनाच अडकवलेले होते. तिथे त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचं पुस्तक मराठीत लिहिलं आणि हस्तलिखित छपाईसाठी पत्नीकडे पाठवायची परवानगी मागितली. सरकार म्हणालं, नाही. युक्तिवाद काय, तर नियमांत दिल्यात तेवढ्याच सवलती, आणि पुस्तक छापणं त्यांत नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये कोर्टानं तो फेटाळला. नियमांत मनाई नाही ना, मग अडवता येणार नाही.

रोखठोक:
संझगिरी राजकीय स्थानबद्ध होते. त्यांच्या आडून तुम्ही खुन्याला मागच्या दारानं आत घेताय. अमेरिकेत जॉन वेन गेसीवर ३३ खून सिद्ध झाले. बाहेर असताना तो पोरांच्या कार्यक्रमांत विदूषक व्हायचा. मृत्युदंडाची वाट बघताना त्यानं त्याच विदूषकाची चित्रं रंगवली आणि ती धडाधड विकली गेली. १९९४ मध्ये त्याला मृत्युदंड दिल्यावर काही लोकांनी त्याची चित्रं जाहीरपणे जाळली. पण जाळायला आधी विकत घ्यावी लागली, साहेब! सहीला भाव आला तो कशामुळे? रंगांमुळे नक्कीच नाही. असली चित्रं विकूच देऊ नयेत, जप्त करावीत.

जुनी वही:
मंडालेत टिळकांना सुटे कागद मिळत नव्हते. पानं मोजून बांधलेल्या वह्या आणि शाईऐवजी शिसपेन्सिल. ‘गीतारहस्य’ त्यावर उतरलं. सुटकेनंतरही त्या वह्या काही काळ सरकारनं दाबून ठेवल्या, ग्रंथ छापून आला १९१५ मध्ये. म्हणजे ‘आत लिहिलेलं ते आमचं’ ही खोड जुनीच.
(सावरकरांना कृपया इथे आणू नका, धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल.)

काळा कोट:
खोड आजही आहे. ग्वांटानामोत, म्हणजे क्यूबातल्या अमेरिकी लष्करी तुरुंगात, मुआथ अल-अलवी २००२ पासून २०२५ पर्यंत होता, एकही आरोप न ठेवता. पठ्ठ्यानं टाकाऊ वस्तूंतून जहाजं बांधली: पुठ्ठ्याचा सांगाडा, जुन्या टी-शर्टची शिडं, दात साफ करायच्या दोऱ्याची बांधणी. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कॉलेजात तिथल्या कैद्यांच्या कलेचं प्रदर्शन लागलं, आणि पेंटागॉननं, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं, जाहीर केलं की ही कला सरकारी मालमत्ता. सुटताना काही कलाकृती सोबत नेता येतील, हे ठरायला २०२३ उजाडलं. रोखठोक, तुमचा नियम लावला तर या माणसाची जहाजंही जप्तच ना?

शेवंती:
काळा कोट, तुमची जहाजं सुंदर आहेत. माझा आतेभाऊ गेला, करणारा पक्का कैदी आहे, शिक्षा झालेला. त्यानं आत खुशाल चित्रं काढावीत, त्यावर माझं काही म्हणणं नाही. उलट डोकं ठिकाणावर राहत असेल तर बरंच. पण उद्या पेपरात ‘कैदी नव्हे, कलावंत’ असा मथळा आणि खाली त्याचा हसरा फोटो आला, तर तो आत्यानं बघायचा का? प्रदर्शन भरवणारे आम्हाला साधा फोन तरी करतात का? सगळे त्याच्याच मनाचा विचार करतात.

बोरूबहाद्दर:
शेवंतीताई, फोन करायलाच हवा, हे पटलं. पैशाचं म्हणाल तर वाट आहे. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टानं कैद्यांना रास्त मजुरी द्या म्हटलं, आणि त्यातला काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी बाजूला काढायला सांगितलं. सतरंजीला जे लागू ते चित्राला लावा. सही मात्र राहू दे.

रोखठोक:
वाटा मान्य. सही नको, नुसता कैदी क्रमांक टाका. बघू किती जण घेतात ते.

काळा कोट:
आणि कच्च्या कैद्यांचं, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेल्यांचं, काय? एनसीआरबीचे (केंद्राच्या गुन्हे नोंदणी विभागाचे) २०२२ चे आकडे बघा, आपल्या तुरुंगांत चारांतले तीन कच्चेच आहेत. गुन्हा शाबित व्हायच्या आधीच त्याच्या चित्राचे पैसे कापून कुणाला देणार, आणि तो निर्दोष सुटला तर ते परत कोण आणणार?