मीटरच्या दिव्यावरून विजेचा भार काढणे
फ्रिजचा रोजचा वीजवापर काढण्यासाठी त्यावर छापलेल्या वॅटला 24 तासांनी गुणले, तर आकडा बराच फुगतो, कारण कॉम्प्रेसर अधूनमधून बंद होत असतो. त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक मीटरवरील लुकलुकणारा लाल दिवा पाहावा. मीटरच्या पाटीवर प्रति युनिट 3200 पल्स (म्हणजे दिव्याचे 3200 वेळा लुकलुकणे) असे लिहिले असेल, तर 1125 या संख्येला दोन पल्समधील सेकंदांनी भागले की त्या वेळचा भार, म्हणजे चालू उपकरणे ओढत असलेली वीज, वॅटमध्ये मिळतो; साडेसात सेकंदांचे अंतर म्हणजे 150 वॅट. बाकीची उपकरणे बंद ठेवून दहा पल्सची सरासरी घेणे अधिक विश्वासार्ह ठरते. फ्रिजसाठी मात्र रात्रभराचे पल्स किंवा युनिटच मोजावेत, आणि दिवसा दार वारंवार उघडले जात असल्याने दिवसाचा वापर त्याहून थोडा अधिक धरावा.